नवी तक्रार आली की आधी गोळ्यांची पिशवी उपडी करा

मी फार्मासिस्ट आहे. २६ वर्षं काउंटरमागे उभं राहून लोकांना गोळ्या समजावून सांगितल्या, आणि माझ्याच बाबांच्या पायांवरची सूज कुठून आली हे मला पाच महिने कळलं नाही. ती गोष्ट आधी सांगते, कारण पुढची सगळी पद्धत त्या फजितीतून शिकलेली आहे.

बाबांना बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम चालू होती. बीपी आटोक्यात येईना म्हणून ती १० केली. दीडेक महिन्याने संध्याकाळी त्यांचे मोजे घोट्यावर रुतायला लागले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, दुसऱ्यांनी लघवीची गोळी दिली. सूज तशीच राहिली, वर रात्रीतून तीनदा उठणं सुरू झालं. मग उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला. युरिक ॲसिड वाढलं होतं. त्यावर डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आली. तिने पोटात जळजळ व्हायला लागली, म्हणून पँटोप्राझोल. शिवाय बीपी पुन्हा चढलं, कारण पेनकिलर बीपी वाढवतात. एका पहाटे बाबा घाईने उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते न्हाणीघराच्या दारात पडले. हाड मोडलं नाही, नशीब.

त्या दुपारी मी त्यांची औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली आणि एकेका गोळीपुढे ती सुरू झाल्याची तारीख लिहिली. तारखा एकाखाली एक आल्या तसा मला घाम फुटला. ॲम्लोडिपिनची सूज अंगात पाणी साठून येतच नाही. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि द्रव आजूबाजूला झिरपतो. लघवीची गोळी त्या सुजेचं फारसं काही करू शकत नाही, बाकीचं अंग मात्र कोरडं करते. लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढतं हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. घरात ते डोळ्यांसमोर घडत होतं तेव्हा मी बाबांना पाय उशीवर ठेवा म्हणून सांगत होते.

डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन पुन्हा ५ वर आणली, जोडीला दुसऱ्या जातीची बीपीची गोळी दिली आणि मागून आलेल्या तिन्ही बंद केल्या. तीन आठवड्यांत मोजे सैल झाले.

एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, दुसऱ्याच्या परिणामावर तिसरं. याला मी गोळ्यांची आगगाडी म्हणते. इंजीन कुठलं ते शोधेपर्यंत डबे जोडले जात राहतात. म्हणून ज्या घरात कुणाला रोजची एक जरी गोळी चालू आहे, तिथे नवी तक्रार आली की पहिला संशय गोळीवर घ्यायचा. संशय आपण घ्यायचा, शिक्षा डॉक्टरांना ठरवू द्यायची. ते का, ते पुढे येईल.

पिशवीत काय काय येतं

पिशवी म्हणजे फक्त प्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या नव्हेत. डोळ्यांचे थेंब, नाकातले थेंब, गुडघ्याला चोळायचं मलम, दम्याचा पंप, व्हिटॅमिन, कॅल्शियम, झोपेची गोळी, काढे, चूर्णं, आणि “मला गुण आला, तुम्हीही घेऊन बघा” म्हणून कुणी हातावर ठेवलेल्या दोन गोळ्या. सगळं बाहेर काढा. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यात घालतात, पण तेही रक्तात जातात आणि दमा असलेल्याचा दम वाढवू शकतात. ज्येष्ठमध बरेच दिवस भरपूर घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. “ते काय औषध आहे का” असं म्हणून बाजूला ठेवलेलीच वस्तू बरेचदा गुन्हेगार निघते.

आता स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव विसरा आणि खालचं बारीक अक्षरातलं वाचा. चष्मा लागतो, मला भिंगसुद्धा लागतं. मोठं नाव कंपनीचं असतं, बारीक नाव औषधाचं. दोन वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या स्ट्रिपमध्ये एकच औषध असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते पॅरासिटामॉल. एक काका माझ्याकडे आले होते. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा. सर्दीसाठी दुसरी, तिच्यात पॅरासिटामॉल ५००, तीही तीनदा. कंबरदुखीसाठी तिसरी, तिच्यात ॲसिक्लोफेनॅकसोबत ३२५, दोनदा. मी कागदावर बेरीज करून दाखवली: १९५० अधिक १५०० अधिक ६५०, म्हणजे ४१०० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असलेल्या, नियमित दारू घेणाऱ्या किंवा यकृत आधीच दुखावलेल्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली. काका म्हणाले, “अहो, पण पॅरासिटामॉल तर मी एकच घेतो!” त्यांच्या लेखी ते खरंच होतं.

पॅरासिटामॉल नेमात घेतलं तर फार सालस औषध आहे, याच्याइतकं कमी उपद्रवी वेदनाशामक सापडणं कठीण. नेम मोडला की मात्र ते गप्प राहून घात करतं. शरीरात त्याचा थोडासा भाग विषारी रूपात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य तो निकामी करतं. डोस फार झाला की हा साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उलटतं. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तेवढीही नाही. यकृत बिघडल्याचं कळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत मिळाला तर तो उत्तम चालतो. त्यामुळे चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर “काही होतंय का बघू” म्हणत बसायचं नाही, काही होत नसतानाच दवाखाना गाठायचा.

लहान मुलांच्या बाबतीत हीच चूक बाटलीतून होते. पॅरासिटामॉलचे बाळांसाठीचे थेंब एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम इतके दाट मिळतात, आणि सिरप ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम. मुलाचा एका वेळचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. म्हणजे १० किलोच्या मुलाला फार तर १५० मिलिग्रॅम. ते थेंबांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर होतं. रात्री दोन वाजता, झोपेत, “एक चमचा” या आठवणीवर कुणी थेंबांच्या बाटलीतलं ५ मिलिलिटर पाजलं तर ५०० मिलिग्रॅम गेलं. बाटलीसोबत येणारं मापच वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. आणि डोस दिला की वेळ लिहून ठेवा, नाहीतर आई देते, बाबा देतात आणि आजीही देते.

कागद कसा आखायचा

एक साधा कागद घ्या. मोबाइलमध्ये ठेवलं तरी चालेल, पण पडल्या-झडल्या वेळी मोबाइल कुलूपबंद असतो. औषधाचं बारीक अक्षरातलं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, कशासाठी, कुणी दिलं, आणि कधीपासून. डोस बदलला तर त्याची तारीख वेगळी. सगळ्यात मोलाचा रकाना “कधीपासून” हा आहे आणि नेमका तोच कुणी भरत नाही. “कशासाठी” समोर काही लिहिता आलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. मला तर प्रत्येक कागदावर किमान एक प्रश्नचिन्ह सापडतं: दोन वर्षांपूर्वी आठवड्यासाठी दिलेली ॲसिडिटीची गोळी अजून चालूच असते.

कागदाच्या मागच्या बाजूला तक्रारी, त्याही तारखेसकट. चक्कर, खोकला, खाज, बद्धकोष्ठ, झोप न लागणं, तोंडाची चव जाणं. क्षुल्लक वाटली तरी लिहा. ॲलर्जी असेल तर सर्वांत वर, लाल शाईने, आणि नेमकं काय झालं होतं तेही. “पेनिसिलिनची ॲलर्जी” एवढ्यावर भागत नाही. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात अंगावर गांधी उठून ओठ सुजले होते की नुसती मळमळ झाली होती? पहिली खरी ॲलर्जी, दुसरी नव्हे. आणि नुसत्या मळमळीवर आयुष्यभर एक चांगलं औषध हातचं घालवलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

तारखांवरून गोळी कशी ओळखायची

काही परिणाम घड्याळाच्या मापाने येतात. खरी ॲलर्जी मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत दिसते: गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वास घरघरणं, भोवळ. इथे कागद बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवायची. बीपीची प्राझोसिनसारखी गोळी पहिल्याच डोसाला बीपी एकदम उतरवते, म्हणून ती झोपताना सुरू करतात. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली तर बीपी जीवघेणं कोसळू शकतं. ही दुसरी गोळी माणसं लाजून कागदावर लिहीत नाहीत. लिहा. आम्ही सगळं पाहिलेलं असतं.

काही परिणाम दिवसांत येतात. अँटिबायोटिकने जुलाब होणं नेहमीचं आहे आणि बहुतेकदा आपोआप थांबतं. पण पाण्यासारखे जुलाब वारंवार होत असतील, सोबत ताप किंवा पोटात कळा असतील, तर कोर्स संपून काही आठवडे झाले असले तरी डॉक्टरांना अँटिबायोटिकचं नाव सांगा. आतड्यातले चांगले जंतू मेले की क्लोस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू तिथे बस्तान बसवतो आणि त्यावर वेगळे उपचार लागतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या गोळ्या चालू असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं तर ते चालण्याने झालं असं धरू नका. या गोळ्यांनी स्नायुबंध सुजतात, क्वचित तुटतातही. साठीच्या पुढे आणि सोबत स्टिरॉइड असेल तर धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली या गोळ्यांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो याचसाठी.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल दोन घोट पाण्याबरोबर घेऊन आडवं झाल्यावर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण पडतो. दुसऱ्या दिवशी गिळताना छातीत सुरी फिरल्यासारखं दुखतं आणि माणूस हृदयविकार समजून घाबरतो. पेलाभर पाणी, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या ॲलेंड्रोनेटलाही हाच नियम, फक्त जास्त कडक: सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर.

अंगावर पुरळ आलं तर ते कुठे आहे ते पाहा. तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगाच्या नाजूक त्वचेवर फोड, सोबत ताप, कातडी दुखणं किंवा सोलवटणं, ही खरी आणीबाणी आहे. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल आणि सल्फाची औषधं यांच्या बाबतीत हे बहुधा पहिल्या दोन महिन्यांत होतं. तेव्हा गोळी “गेले पाच आठवडे घेतोय, काही झालं नाही” म्हणून निर्दोष सुटत नाही.

महिन्यांच्या मापाने येणाऱ्यांत बीपीचीच दुसरी गोष्ट. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, म्हणजे शेवटी “प्रिल” असलेल्या गोळ्यांनी दहातल्या एखाद्याला कोरडा खोकला सुरू होतो. रात्री जास्त, कफ नाही, घशात काहीतरी खवखवत राहतं. कधी आठवड्यात, कधी काही महिन्यांनी. मी एका ताईंना ओळखते, त्यांनी तीन बाटल्या कफ सिरप, एक अँटिबायोटिक आणि छातीचा एक्स-रे एवढं सगळं केलं. गोळी बदलल्यावर महिन्याभरात खोकला गेला. त्याच जातीची दुसरी “प्रिल” घेऊन मात्र उपयोग नसतो, खोकला तिच्याबरोबरही येतो. “सार्टान” शेवटी असलेल्या गोळ्यांनी तो सहसा येत नाही. आणि “प्रिल”ने ओठ किंवा जीभ सुजणं वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावरही होऊ शकतं. तसं झालं तर तडक दवाखाना.

शेवटी, वर्षांच्या मापाने. शुगरवरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या, दोन्ही दीर्घकाळ घेतल्या तर ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. तळपायांना मुंग्या आल्या की सगळे “शुगरमुळे नसा खराब झाल्या” म्हणतात, आणि साधी ब-१२ची तपासणी राहून जाते. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालली तर मॅग्नेशियमही उतरू शकतं. पण ती एका दिवसात बंद केली की पोटात आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, बघा, मला गोळी लागतेच. ती हळूहळू उतरवायची असते.

पेनकिलरबद्दल जरा जास्त

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक ही सख्खी भावंडं. दुखणं, सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ न देणं हे त्यांचं काम. ॲस्पिरिन असंच काम करतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि पुढे १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. अडचण अशी की हीच प्रोस्टाग्लँडिनं जठराच्या अस्तराची राखण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा उघडा ठेवतात. दुखण्याला लगाम घालताना राखणदारालाही हाकललं जातं. म्हणून “जेवून घेतली तर पोटाला काही होत नाही” हा समज अर्धाच खरा आहे: गोळी रक्तातूनही जठराचं अस्तर उघडं पाडते.

शौच डांबरासारखी काळी, चिकट, विशिष्ट दुर्गंध असलेली झाली तर वरच्या आतड्यात रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती नुसती गडद असते, डांबरासारखी चिकट नाही, आणि माणसाला गळून गेल्यासारखं होत नाही. शंका असली तर दाखवायचं.

मूत्रपिंडाची तिकडी लक्षात ठेवा: “प्रिल” किंवा “सार्टान”, लघवीची गोळी आणि पेनकिलर. तिन्ही एकत्र, त्यात उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं, आणि मूत्रपिंड चार दिवसांत बसू शकतं. बाबांच्या पिशवीत तिकडीतल्या दोन होत्या आणि त्यांना जर आधीच “प्रिल” असती तर मी हे इतक्या शांतपणे लिहीत नसते. बीपीच्या याच गोळ्यांबरोबर कमी सोडियमचं मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियम फार चढलं की हृदयाचा ठोका बिघडतो.

१६ वर्षांखालच्या मुलाला तापात ॲस्पिरिन द्यायची नाही. फ्लू किंवा कांजिण्यांसोबत ती दिल्यास राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर हल्ला करणारा दुर्मिळ आजार होऊ शकतो. डेंगीची शंका असेल तर वयाचा प्रश्नच नाही, वरच्या चारही भावंडांना आणि ॲस्पिरिनला लांबच ठेवायचं, तापाला पॅरासिटामॉल. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत.

सर्दीची गोळी, झोपेची गोळी, “साधीच आहे हो”

सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. तरुणाला तिने नुसती पेंग येते, गाडी चालवू नये एवढंच. सत्तरीच्या माणसाला तिने तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं आणि चक्क भ्रमसुद्धा होतो. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना रात्री लघवी पूर्ण बंद होऊन नळी घालावी लागली, कारण संध्याकाळची सर्दीची गोळी: काउंटरवर ही कहाणी मी एकदा नव्हे, चारदा ऐकली आहे. घरातलं वयस्क माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं तर “वय झालं” म्हणण्याआधी गेल्या आठवड्यात कुठली नवी गोळी आली ते पाहा. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, त्यात पडण्याचा धोका जास्तीचा.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर वापरू नका. त्यानंतर थेंबांमुळेच नाक चोंदतं आणि चोंदलं म्हणून पुन्हा थेंब, असं वर्षभर चालणारी माणसं आहेत.

मेथोट्रेक्सेट ही गोळी साधी नाही, पण तिच्याबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. संधिवातात ती आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली गेली तर माणूस दगावू शकतो, आणि अशी चूक घडते. वाराचं नाव ठरवून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

संशय आला, आता बंद करायची का?

बहुतेक वेळा नाही, आधी फोन. काही गोळ्या झटक्यात थांबवणं परिणामापेक्षा महागात पडतं. बीपी-हृदयाची मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम थांबवली तर धडधड, छातीत दुखणं उलटून येतं. प्रेडनिसोलोन बरेच आठवडे घेतलं असेल तर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. अचानक थांबवलं तर बीपी कोसळू शकतं. फिटची गोळी थांबवली तर फिट. स्टेंट बसवल्यावरची क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी. नैराश्यावरच्या गोळ्याही पायरी-पायरीने उतरवतात. याला अपवाद वर आलेल्या आणीबाणीचे: श्वास, ओठ-जिभेची सूज, फोडांचं पुरळ, डांबरी शौच. तिथे पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना.

फोनवर किंवा समोर बोलताना वाक्य असं ठेवा: “ही गोळी या तारखेला सुरू झाली, डोस या तारखेला वाढला, तक्रार या तारखेपासून आहे. हिचा संबंध असेल का?” “मला ही गोळी सोसत नाही” म्हटलं की समोरच्याला काही हाती लागत नाही. तारखा दिल्या की डॉक्टरही वेगळ्या कानाने ऐकतात. नवी गोळी लिहून दिली जात असेल तर एक प्रश्न: “ही आधीच्या एखाद्या गोळीच्या परिणामासाठी तर नाही ना?” मी हा प्रश्न विचारला असता तर बाबांचा अंगठा वाचला असता.

पाकिटातली घडी घातलेली चिठ्ठी वाचून झोप उडवून घेऊ नका, तिची भाषा समजून घ्या. अनेक देशांत ठरलेला अर्थ असा: “अतिशय सामान्य” म्हणजे दहांतल्या किमान एकाला, “सामान्य” म्हणजे शंभरातल्या एक ते दहा जणांना, “दुर्मिळ” म्हणजे दहा हजारांतल्या एक ते दहा जणांना. “सामान्य” वाचून लोकांना वाटतं की मला होणारच. शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना होत नाही, हाही त्याचाच अर्थ आहे.

भीतीही परिणाम करते, आणि ते खोटं दुखणं नसतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या त्रास झाला म्हणून सोडलेल्या ६० जणांवर २०२० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून-पालटून दिलं. स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासातला ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला. म्हणून स्नायू दुखले की लगेच गोळी फेकायची नाही. मात्र दुखणं जोराचं असेल, अशक्तपणा असेल आणि लघवी गडद तपकिरी होत असेल तर थांबायचंही नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सिमवास्टॅटिनसोबत दिलं गेलं तर स्टॅटिनची रक्तातली पातळी खूप चढते, तेव्हा हे खरोखर घडू शकतं.

आणि तुमची तक्रार कळवा. बहुतेक देशांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा असते, फार्मासिस्टला विचारा, तो फॉर्म भरून देईल. तीन हजार जणांवर तपासलेल्या औषधाचा दहा हजारांत एकाला होणारा परिणाम चाचणीत दिसेलच असं नाही, तो बाजारात आल्यावर तुमच्या-आमच्या अंगावर दिसतो. थॅलिडोमाइड १९६१ साली मागे घेतलं गेलं ते जन्मलेल्या बाळांचे हात-पाय पाहून डॉक्टरांनी कळवलं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली देशोदेशीच्या नोंदी एकत्र करायला सुरुवात केली, ती त्याच धक्क्यातून.

बाबांचा कागद आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. मी दर महिन्याला जाऊन तो तपासते. गेल्या वेळी तक्रारींच्या बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात नवी ओळ होती: “गुडघा दुखतो. गोळीचा संबंध नाही. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा जिना दोनदा चढलो.”